वाङ्मयाचे फाटक आणि हॅमिल्टन एलिस

गेल्या वर्षी आमच्या विभागात एक छोटीशी घटना घडली. छोटी अशासाठी, की इतिवृत्तात तिची नोंद जेमतेम दीड ओळीची आहे. भुसावळकडच्या एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी ‘मराठीतील रेल्वेविषयक लेखन’ असा विषय मांडला होता. त्याचे आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. इंजिनांविषयी, लाइनवरच्या माणसांविषयी, पावसाळ्यातल्या रात्रपाळ्यांविषयी त्यांनी एका जुन्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवले होते आणि ती वही वाचूनच नातवाच्या मनात हा विषय आला होता. समितीने विषय परत पाठवला. शेरा असा : ‘विषय माहितीपर आहे, वाङ्मयीन नाही.’ विद्यार्थ्याने मग एका नामवंत कवीच्या निसर्गप्रतिमांवर प्रकल्प केला. तो बराही झाला. त्या कवीच्या निसर्गप्रतिमांवरचा तो कितवा प्रकल्प होता, हे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

त्या बैठकीत आम्ही दोघेही हजर होतो आणि दोघेही गप्प बसलो. वाद घालावा इतका विषय महत्त्वाचा आहे असे तेव्हा वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तो शेरा पुढे कित्येक दिवस मनात खुपत राहिला. ‘माहितीपर’ आणि ‘वाङ्मयीन’ यांच्यामध्ये आपण जे फाटक उभे केले आहे, ते कोणी बांधले, त्याची किल्ली कोणाकडे असते आणि त्याच्या बाहेर कोणकोण ताटकळत उभे आहे, असे प्रश्न पडू लागले. त्या प्रश्नांचा माग काढताना आमच्या हाती जे उदाहरण लागले, ते मराठी नाही. मुद्दामच नाही. आपले उदाहरण घेतले, की वाद लगेच व्यक्तींवर, गटांवर आणि विद्यापीठांवर घसरतो. म्हणून इंग्लंडमधला एक लेखक घेऊ. त्याच्याशी आपला कोणाचाच हितसंबंध गुंतलेला नाही.

कथबर्ट हॅमिल्टन एलिस यांचा जन्म १९०९चा आणि मृत्यू १९८७चा. शिक्षण लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये. काम आयुष्यभर एकच : रेल्वेविषयी लिहिणे आणि रेल्वेची चित्रे काढणे. ‘द ट्रेन्स वुई लव्हड’ (१९४७) हे त्यांचे सर्वांत लाडके पुस्तक. त्यानंतर १९४९मध्ये एकोणिसाव्या शतकातील रेल्वेच्या डब्यांवरचे पुस्तक आले. मिडलँड (१९५३), नॉर्थ ब्रिटिश (१९५५), साउथ वेस्टर्न (१९५६) आणि लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट (१९६०) या कंपन्यांचे स्वतंत्र इतिहास त्यांनी लिहिले. १८३० ते १९४७ या काळाचा ‘ब्रिटिश रेल्वे हिस्टरी’ हा इतिहास दोन खंडांत, १९५४ व १९५९ साली प्रसिद्ध झाला. जोडीला कथा-कादंबऱ्या, विनोदी लेखन, राजघराण्याच्या गाड्यांवर आणि खेळण्यातल्या गाड्यांवर पुस्तके, आणि १९७७मध्ये ‘रेल्वे आर्ट’. त्यांच्या अनेक पुस्तकांतली रंगीत चित्रे त्यांनीच रंगवलेली आहेत. इतका मजकूर एका माणसाने लिहिला, हजारो वाचकांनी तो वाचला, जपला, मुलांना वाचायला दिला. तरीही इंग्रजी साहित्याच्या इतिहासग्रंथांत एलिस सापडत नाहीत आणि ब्रिटिश चित्रकलेच्या इतिहासातही सापडत नाहीत. साहित्यवाले त्यांना रेल्वेवाल्यांकडे पाठवतात, चित्रकलावाले ‘पुस्तकातली चित्रे’ म्हणून बाजूला सारतात. आमच्या विद्यार्थ्याच्या विषयाचे जे झाले, तेच एलिस यांचे त्यांच्या देशात झाले आहे.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप अर्थातच माहितीचा. इंजिनाला चाके किती, डबा कोणत्या सालचा, कोणत्या कंपनीचा रंग कोणता, हा सारा तपशील म्हणजे माहिती, आणि माहिती म्हणजे वाङ्मय नव्हे, असे म्हटले जाते. आम्ही विचारतो : दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आपण कोणत्या खात्यात जमा करतो? त्यात कोणत्या महिन्यात कोणते झाड फुलते, पालवीचा रंग कसा बदलत जातो, हे सारे बारकाव्यांनिशी येते. ते वनस्पतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक आहे असे आपण म्हणत नाही. ललितगद्याचा मानदंड म्हणून वर्गात शिकवतो, आणि योग्यच करतो. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. पक्ष्यांची, झाडांची, आदिवासींच्या बोलीतल्या शब्दांची माहिती त्यांच्या पानापानावर आहे. २००६ साली सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा माहितीमुळे वाङ्मय विटाळते, हा नियम आपणच पाळलेला नाही. पळस, पांगारा, धनेश यांची माहिती चालते. बॉयलर, ब्रेक, बफर यांची चालत नाही. म्हणजे आपला आक्षेप माहितीला नसून वस्तूला आहे. झाडाला सौंदर्य आपोआप मिळालेले असते आणि इंजिनाला ते सिद्ध करावे लागते, असा हा न बोललेला करार आहे. हा करार कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसतो, ते समितीने सांगावे.

हा दुजाभाव जुना आहे आणि केवळ आपला नाही. जॉन रस्किन यांनी १८४९च्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये रेल्वे स्थानकांवर अलंकरण करणे हा वेडेपणा ठरवला होता. घाईत असलेल्या, अस्वस्थ माणसाला तिथे सौंदर्य पाहायला सवड नसते, असा त्यांचा युक्तिवाद. प्रत्यक्षात घडले ते याच्या अगदी उलट. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश कंपन्यांनी अलंकरण केले ते केवळ स्थानकांचे नव्हे, तर इंजिनांचेही. कोळशाच्या काजळीत धावणाऱ्या यंत्रावर रंगाचे आणि वार्निशाचे थर चढवायचे, कडेने हाताने बारीक रेषा ओढायच्या, पितळ घासून लखलखीत ठेवायचे. यातल्या कशानेही गाडीचा वेग वाढत नव्हता. मग हे सारे का केले जात होते? प्रश्न जितका अर्थकारणाचा आहे तितकाच सौंदर्यशास्त्राचा आहे. रस्किन यांच्या वाचकांनी तो विचारला नाही. एलिस यांचे आयुष्य त्याच्या उत्तरात गेले.

इथे आम्ही एका रंगाचा दाखला देतो, कारण आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म त्यात आहे. विल्यम स्ट्राउडली हे अभियंते १८७०मध्ये ब्रायटनच्या कारखान्यात आले. येताना त्यांनी स्कॉटलंडमधल्या हायलँड रेल्वेवर वापरलेला एक रंग बरोबर आणला. त्या रंगाचे नाव होते ‘इंप्रूव्हड इंजिन ग्रीन’, म्हणजे इंजिनांचा सुधारित हिरवा. प्रत्यक्षात तो रंग हिरवा नव्हताच. तो पिवळा होता, सोनेरी गेरूच्या जवळचा. कडेला तेवढी गर्द हिरवी पट्टी आणि तिच्यालगत काळ्या, पांढऱ्या, तांबड्या रेषा. या इंजिनांवर चालक ठरलेले असत आणि चालकाचे नाव इंजिनाच्या छपराखाली रंगवलेले असे. १९०५नंतर कंपनीने हा रंग सोडून उंबर तपकिरी पत्करला. आता कल्पना करा, की शंभर वर्षांनी कोणाला या इंजिनांचा रंग जाणून घ्यायचा आहे. तो दप्तरात पाहील तर तिथे ‘हिरवा’ असे लिहिलेले. छायाचित्रे पाहील तर ती कृष्णधवल; इतकेच नव्हे, तर त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना निळा रंग चांगला पकडता येई, पिवळ्या-तांबड्याची जाण फार कमी, त्यामुळे उजळ पिवळे इंजिनही छायाचित्रात काळपट दिसते. दप्तरही खोटे बोलते आणि कॅमेराही. मग खरे कोण सांगणार? ज्याने पाहिले तो, किंवा ज्याने पाहिलेल्यांना विचारून, उरलेल्या वस्तू न्याहाळून नेमक्या शब्दांत लिहिले आणि नेमक्या रंगात रंगवले तो.

एलिस लेखक आणि चित्रकार दोन्ही होते, याचा अर्थ या दाखल्यातून उलगडतो. त्यांच्याबाबत हे दोन छंद शेजारी शेजारी नांदत नव्हते. काम एकच होते आणि हत्यारे दोन. आगगाडीच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांचा रंग दोनच ठिकाणी टिकणे शक्य होते, भाषेत आणि कुंचल्यात. शब्दाने ‘सोनेरी गेरू’ म्हणावे आणि तो गेरू नेमका कोणता, हे चित्राने दाखवावे. चित्राने दाखवलेल्या उन्हातल्या इंजिनाला तेलाचा वास कसा होता, हे पुन्हा शब्दाने सांगावे. आपल्याकडे द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’मध्ये (१९६३) चित्रकाराच्या डोळ्याने लिहिलेले गद्य कसे असते ते दिसते. वस्तूचा घाट, तिचा पोत, तिचा काळ यांना बोटांनी चाचपून पाहणारे गद्य. गोडशांना आपण निदान ‘कलासमीक्षक’ म्हणून आत घेतले. त्यांनी मूर्ती, शिल्प आणि इतिहास यांच्याऐवजी जी.आय.पी.च्या डब्यांवर लिहिले असते, तर आपण त्यांना आत घेतले असते काय?

रंगांच्या नावांकडेही भाषेच्या अभ्यासकांनी जरा पाहावे. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे डबे दोन रंगांचे असत : खाली गडद जांभळट, वर निळसर झाक असलेला पांढरा. लोक त्यांना ‘प्लम आणि सांडलेले दूध’ म्हणत. त्याच कंपनीच्या काळ्या इंजिनांना ‘ब्लॅकबेरी काळा’. कोणी कवीने बसून रचलेल्या या उपमा नव्हेत. त्या कारखान्यांतून आणि फलाटांवरून आलेल्या लोकभाषेच्या उपमा आहेत. खेड्यातल्या ओवीत अशी उपमा सापडली, तर आपण तिच्यावर शोधनिबंध लिहितो. डब्याच्या रंगात सापडली, की ती ‘माहिती’ होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हालाही काही काळ पटला होता. तो असा, की एलिस यांचे सारे लेखन म्हणजे स्मरणरंजन आहे. पुस्तकाचे नावच मुळी ‘आपण ज्यांच्यावर प्रेम केले त्या गाड्या’ अशा अर्थाचे. १९४७ हे सालही बोलके. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने वाहतुकीचा कायदा केला आणि १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. युद्धाने थकलेल्या, रेशनवर जगणाऱ्या देशाला एका लेखकाने जुन्या, चकचकीत, रंगीबेरंगी गाड्यांचे स्वप्न दाखवले आणि ते विकले गेले. यात वाङ्मयीन ते काय?

पण काळाचा हिशेब नीट मांडला, की हा आक्षेप डळमळतो. एलिस ज्या गाड्यांविषयी लिहितात, त्या मुख्यतः १९२३पूर्वीच्या. १९२१च्या कायद्याने १९२३च्या आरंभी शंभराहून अधिक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि त्यांचे रंग, त्यांची चिन्हे, त्यांच्या डब्यांची घडण हळूहळू पुसली गेली. त्या वेळी एलिस तेरा वर्षांचे होते. स्ट्राउडलींचा पिवळा रंग तर त्यांच्या जन्माआधीच मागे पडू लागला होता. १८४०-५०चे डबे त्यांनी धावताना पाहणे शक्यच नव्हते. स्मरणरंजन स्वतःच्या आठवणींचे असते. ज्याची आठवण असणे शक्य नाही, ते शोधून काढावे लागते. त्या शीर्षकातले ‘आपण’ म्हणूनच आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्यात लेखक आहे, त्याच्या आधीच्या पिढ्या आहेत, रंगारी आहेत, गार्ड आहेत, आणि ज्यांनी त्या गाड्या कधीच पाहिल्या नाहीत असे वाचकही आहेत. एका माणसाचे हळवेपण एवढे रुंद नसते. नष्ट झालेल्या वस्तूचे सामूहिक स्मरण घडवण्याचे हे काम आहे, आणि ते काम इतिहासाइतकेच साहित्याचेही आहे.

शिवाय हे स्मरण गुळगुळीत नाही. एलिस यांची मोठी देणगी आमच्या मते इंजिनांविषयी नसून डब्यांविषयी आहे. रेल्वेवर लिहिणाऱ्यांची नजर बहुधा पुढे असते, इंजिनावर. एलिस मागे वळून डब्यांत शिरतात, आणि डब्यांत माणसे असतात. डब्यांचा इतिहास लिहायचा, तर वर्गाचा इतिहास टाळता येत नाही. सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्गाला छप्परही मिळत नसे. उघड्या वाघिणीत माणसे भरली जात. १८४४च्या कायद्याने रोज निदान एक गाडी अशी बंधनकारक केली, की जिच्यात मैलाला एक पेनी भाड्यात तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ऊन-पावसापासून आडोसा आणि बसायला आसन मिळेल. १८७२मध्ये मिडलँड रेल्वेने आपल्या सर्व गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले, आणि १८७५च्या आरंभी दुसरा वर्गच काढून टाकून तिसऱ्याच्या बाकांना गाद्या लावल्या. बाकी कंपन्यांनी आरडाओरडा केला. नंतर त्याच वाटेने त्यांना जावे लागले. लाकडी फळीपासून गादीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका समाजाने गरिबाच्या पाठीला किती मान दिला, याची मोजपट्टी आहे. कादंबरीचे समीक्षक ज्याला ‘सामाजिक वास्तव’ म्हणतात, ते इथे बाकाच्या जाडीत मोजता येते.

आणि अपघात. नॉर्थ ब्रिटिश रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्याला २८ डिसेंबर १८७९ची वादळी रात्र ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या रात्री टे नदीवरचा पूल गाडीसकट कोसळला आणि गाडीतले कोणीही वाचले नाही. ब्रिटिश रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्याला आयर्लंडमधले अर्मा टाळता येत नाही. १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या मुलाबाळांची गाडी चढावर अडली, मागचे डबे सुटून उतारावरून घसरले, ऐंशीच्या आसपास माणसे गेली, आणि त्याच वर्षी साऱ्या गाडीला लागणारे स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले. ब्रेकची रचना कशी होती, ही ‘माहिती’ आहे. ती कळल्याशिवाय ती मुले का मेली, ते कळत नाही. करुणेलासुद्धा कधीकधी यंत्रज्ञान लागते, हे आपण आपल्या विद्यार्थ्यांना कधी सांगितले आहे काय?

एलिस यांच्या मर्यादा लपवण्याचे आम्हाला कारण नाही. विद्यापीठीय इतिहासकाराची तळटीपांची शिस्त त्यांच्यात नाही. त्यांची चित्रे टर्नरच्या चित्रांसारखी नाहीत. टर्नरच्या १८४४च्या ‘रेन, स्टीम अँड स्पीड’मध्ये इंजिन पावसात आणि वाफेत विरघळून जाते, एलिस यांच्या चित्रांतले इंजिन बहुधा स्वच्छ उजेडात स्वतःचा प्रत्येक खिळा दाखवत उभे असते. त्यांचे समकालीन टेरेन्स क्युनिओ (१९०७-१९९६) यांच्या चित्रांतले धगधगते नाट्यही त्यांच्याकडे नाही. आणि सर्वांत मोठी उणीव आपल्याला, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना, लगेच टोचते. ज्या कारखान्यांच्या कौशल्याचे त्यांना इतके प्रेम आहे, त्यांतल्याच एका कारखान्याने, व्हल्कन फौंड्रीने, १८५२मध्ये जी.आय.पी. रेल्वेसाठी आठ इंजिने बांधून मुंबईला पाठवली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत बोरघाट फोडला गेला, १८६३मध्ये तो वाहतुकीला खुला झाला, आणि तो फोडताना पटकीने, तापाने, दरडींनी आणि सुरुंगांनी हजारो मजूर मेले. ब्रिटिश रेल्वेचे चकचकीत पितळ कोणत्या साम्राज्याच्या बाजारपेठेवर उजळत होते, हा प्रश्न एलिस यांच्या पुस्तकांच्या केंद्रस्थानी कधीच नसतो. तो विचारणे आपले काम आहे. पण लेखकाच्या मर्यादा दाखवायच्या, तर आधी त्याला लेखक मानावे लागते. फाटकाबाहेर ठेवलेल्या माणसावर समीक्षा होत नाही. त्याची फक्त उपेक्षा होते.

चित्रांबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश रेल्वेच्या लंडन मिडलँड विभागाने एलिस यांच्याकडून प्रवासाच्या इतिहासावरची चित्रमालिका करून घेतली. तिच्या छापील प्रती चौकटींत बसवून डब्यांच्या कप्प्यांत, आसनांच्या वर आणि सामानाच्या फळीच्या खाली लावल्या गेल्या. प्रवासी बसला, की समोरच्या माणसाच्या डोक्यावर त्याला शंभर वर्षांपूर्वीची गाडी दिसे. ब्रिटनमधला ‘तिसरा वर्ग’ १९५६मध्ये नावापुरता दुसरा झाला. तोवर तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून कामावर जाणाऱ्या माणसालाही ही चित्रे दिसत होती. संग्रहालयाची पायरी जो कधी चढला नसेल, त्याच्यासमोर चित्र येऊन बसले होते, आणि त्याला ते पाहायला तासभर सवड होती. रस्किन यांच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर आम्हाला माहीत नाही. पुढे कप्प्यांचे डबे गेले, चौकटी निघाल्या, आणि ती चित्रे संग्राहकांच्या हाती गेली. कलेच्या इतिहासाने त्यांची दखल घेतली नाही, कारण ती भिंतीवर नव्हती, डब्यात होती.

आता आपल्याकडे येऊ, कारण खरे भांडण इथलेच आहे.

मराठीची सुरुवात अशी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे माणसे घेऊन गेली, आणि दुसऱ्याच वर्षी, १८५४मध्ये, कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ हे पुस्तक मराठीत छापलेले होते. १८६३मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये देवळे, बाजार, तळी यांच्या पंक्तीला आगगाडी येऊन बसली. त्या लेखकांना ‘माहिती’ आणि ‘वाङ्मय’ अशी दोन दारे माहीत नव्हती. नवी वस्तू दिसली, तिला भाषेत आणायचे, एवढेच त्यांना कळत होते. ‘आगगाडी’ हा शब्दच पाहा. ज्या कोणी तो पहिल्यांदा उच्चारला, त्याने दोन शब्दांत यंत्राचे पोट आणि यंत्राची चाल दोन्ही पकडली. फाटक नंतर बांधले गेले. ते बांधणाऱ्यांत आपली स्वायत्ततावादी समीक्षा होती आणि जीवनवादी समीक्षाही होती. एकीला वस्तू नको होती, दुसरीला वस्तूमागचा सिद्धान्त तेवढा हवा होता. वस्तू मात्र दोघींच्या मधून निसटली.

परिणाम काय झाला? १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली, तेव्हा तिच्या दोन गाड्या होत्या : एक रुपेरी, शेंदरी पट्ट्यांची, दुसरी राजेशाही निळी, सोनेरी रेषांची. पुण्या-मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाचे अर्धे आयुष्य या गाडीत गेले. कथा-कादंबऱ्यांतली किती पात्रे तिच्यात चढली-उतरली असतील. तिचा पहिला रंग आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? कॅल्थ्रॉप यांनी १८९७मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे वारकऱ्यांना पंढरपूरला नेत असे. अरुंद रुळांवरची ती गाडी आता नाही, रूळ रुंद झाले. त्या छोट्या डब्यांत आषाढीला टाळ कसे वाजत, बाक केवढे होते, कुर्डुवाडीच्या कारखान्यातला लोहार कोणत्या शब्दांत बोलत असे, हे सारे कोणत्या खात्यात जमा करायचे? भारतीय ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५मध्ये थांबली. म्हणजे ज्यांनी तारुण्यात फावड्याने कोळसा मारला, ती माणसे आज म्हातारी आहेत आणि त्यांची भाषा त्यांच्याबरोबर जाते आहे. इंग्लंडमध्ये १९६८च्या ऑगस्टमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली, त्याच वर्षी एलिस यांचे ‘द इंजिन्स दॅट पास्ड’ हे पुस्तक आले. गेलेल्या इंजिनांना निरोप द्यायला तिथे लेखक फलाटावर हजर होता. आपल्या फलाटावर तेव्हा कोण होते?

याला कोणी उत्तर देईल, की विद्यापीठांनी काय प्रत्येक रुळावर प्रबंध लिहायचे? नाही. प्रत्येक रेल्वेलेखक एलिस नसतो. बहुतेक वेळापत्रकासारखेच लिहितात, आणि ते वाईट गद्य वाईटच आहे, हे आपण सांगितले पाहिजे. पण ते वाचून सांगितले पाहिजे. निसर्गकवितेतली नव्वद टक्के निसर्गकविता वाईट असते, तरी आपण निसर्ग हा विषय वाङ्मयाबाहेर काढत नाही. आमची मागणी सवलतीची नाही. निकष लावा, अगदी कठोर लावा. पण वाक्याला लावा, वस्तूला नव्हे. हे गद्य नेमके आहे काय? या माणसाने वस्तूकडे इतका वेळ पाहिले आहे काय, की ती आपल्यालाही दिसावी? त्याच्या शब्दांत माणसे आहेत काय? एलिस या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात, काही ठिकाणी उतरत नाहीत. असे म्हणता येणे हीच समीक्षा आहे.

राहता राहिला आमचा विद्यार्थी. तो सध्या बँकेच्या परीक्षेची तयारी करतो. त्याला आम्ही पत्र लिहिले आणि ती वही वाचायला मागितली. त्याने पाठवली. पहिल्या पानावर आजोबांनी इंजिनाचा क्रमांक लिहून त्याखाली पेन्सिलीने त्या इंजिनाचे चित्र काढले आहे, आणि चित्राशेजारी बारीक अक्षरात नोंद आहे, की या इंजिनाची शिटी किंचित फाटलेली होती, म्हणून घरच्यांना लांबूनच कळे की आपला माणूस आला. येत्या बैठकीत तोच विषय आम्ही दोघांच्या नावाने पुन्हा ठेवणार आहोत, आणि शेऱ्याच्या रकान्यात समितीने काही लिहिण्यापूर्वी ते पान सर्वांना दाखवणार आहोत. ते वाचून ज्यांना ‘माहितीपर’ असे लिहावेसे वाटेल, त्यांनी जरूर लिहावे. फक्त खाली सही करावी.